परळचा आपत्कालीन वैद्यकीय वर्ग: मध्येच पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, तरी पूर्ण केला

जून ते ऑक्टोबर, १८ आठवडे. शनिवारी दुपारी ३ ते ७, रविवारी सकाळी ९ ते १. परळ स्टेशनला उतरून केईएमच्या दिशेने चालायला लागलं की दहा-बारा मिनिटांवर एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर हा वर्ग भरतो. लिफ्ट नाही. फी १६,००० रुपये, दोन हप्त्यांत. मी राहते भांडुपला, मुलुंडच्या एका शाळेच्या ऑफिसात काम करते, वय ३९. वैद्यकीय शिक्षण शून्य.

संस्थेचं नाव लिहीत नाही. तिथल्या ऑफिसबद्दल माझी एक मोठी तक्रार आहे, आणि ज्या सरांनी आम्हाला शिकवलं त्यांच्या नावाला ती तक्रार चिकटावी असं मला वाटत नाही. पण असा वर्ग लावायचा विचार करणाऱ्यांना, विशेषतः अंगात काही दुखणं असताना लावणाऱ्यांना, माझ्या अनुभवाचा उपयोग होईल.

मी हा वर्ग का लावला ते आधी सांगते. दोन वर्षांपूर्वी गॅदरिंगच्या दिवशी स्टेजच्या मागे आमचे शिपाई काका कोसळले. कुणी कांदा आणायला धावलं, कुणी चप्पल नाकाशी धरली. मी त्यांचं डोकं मांडीवर घेऊन तोंडात पाणी घालत होते. मध्येच एकदा घशातून घरघर करत श्वास यायचा, मग बराच वेळ काहीच नाही, मग पुन्हा एक. ‘श्वास चालू आहे, श्वास चालू आहे’ असं आम्ही एकमेकांना सांगत राहिलो. रुग्णवाहिका आली तेव्हा सगळं संपलं होतं. ते आचके म्हणजे श्वास नव्हेच, हृदय थांबल्यावर शरीर काही मिनिटं तसं करतं, आणि नेमकं तेव्हाच छाती दाबायला घ्यायची असते, हे मला या वर्गाच्या दुसऱ्या रविवारी कळलं. त्या दिवशी परळ ते भांडुप मी खिडकीकडे तोंड करून बसले होते.

बॅचमध्ये आम्ही २४ जण. एक रिक्षा चालवणारे दादा, लालबागच्या एका मंडळाच्या रुग्णवाहिकेवर जाणारी दोन मुलं, एक जिमचा ट्रेनर, घरोघरी जाऊन आजारी माणसांची काळजी घेणाऱ्या तीन मुली, बँकेतून निवृत्त झालेले एक काका, ज्यांच्या पत्नीची अँजिओप्लास्टी झाली होती. सर स्वतः पंधरा वर्षं रुग्णवाहिकेवर काम केलेले. मुंबईत कुठल्या चाळीचा जिना किती अरुंद, कुठे स्ट्रेचर वळत नाही आणि माणसाला खुर्चीत बांधूनच खाली आणावं लागतं, हे त्यांना हाताला माहीत आहे. या वर्गाची खरी किंमत तीच. खुर्ची धरून तीन मजले उतरण्याचा सराव त्यांनी आमच्याकडून त्याच इमारतीच्या लाकडी जिन्यावर करून घेतला. तेव्हा लिफ्ट नसल्याचा फायदा झाला.

साहित्य बरं आहे, उत्तम नाही. छाती दाबायचे पुतळे चार, त्यातल्या दोघांच्या स्प्रिंगा सैल. हृदयाला शॉक देणाऱ्या एईडीचं सरावाचं यंत्र एकच, त्यामुळे २४ जणांत हातात यायला वेळ लागतो. जखमीला सरळ झोपवून न्यायची फळी म्हणजे स्पाइन बोर्ड, मानेचे पट्टे, हाताने दाबून श्वास द्यायची अँबू बॅग, ऑक्सिजनचा सिलेंडर, रक्तस्राव थांबवायचे पट्टे हे सगळं आहे आणि हाताळू देतात. कपाटात ठेवून नुसतं दाखवत नाहीत.

पुस्तक मात्र फक्त इंग्रजीत. पेशंट मराठीत विव्हळणार, हिंदीत सांगणार, आणि आपण इंग्रजीत शिकायचं. सर मराठीत समजावतात म्हणून निभावलं. छाती दाबताना मोजायचं कसं, याचंच उदाहरण घ्या. मिनिटाला १०० ते १२० दाब, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची, ३० दाब झाले की २ श्वास. पहिल्या आठवड्यात आम्ही एक ते तीस मोजायचो. दहापर्यंत लय छान बसायची, पण अकरा, बारा, तेरा सुरू झालं की आकडे लांबतात आणि एकवीस, बावीस, तेवीसला तर हात आकड्याची वाट बघत थांबतात. सरांनी सांगितलं, एक ते दहा तीन वेळा मोजा. एवढ्या साध्या बदलाने सगळ्यांचा वेग जाग्यावर आला. इंग्रजी पुस्तकात हे कुठून असणार!

आता माझ्या दुखण्याकडे येते.

जुलैचा तिसरा शनिवार. त्या दिवशी पेशंटला प्रश्न विचारायचा सराव होता. दुखणं कधी सुरू झालं, कशाने वाढतं, कशाने कमी होतं, कसलं दुखतं, कुठे पसरतं, दहापैकी किती, आणि मग ॲलर्जी, औषधं, आधीचे आजार, शेवटचं कधी खाल्लं. जोड्या पाडल्या. मी पेशंट, रिक्षावाले दादा विचारणार. मी काहीतरी रचून सांगायचं होतं. दादांनी कागदावर बघून विचारलं, ‘‘ताई, दुखणं कसलं? शार्प की डल?’’

मला रचता येईना, म्हणून मी जे होतं ते सांगितलं. उजव्या बरगडीखाली कळ येते. रात्री जेवल्यावर दीड-दोन तासांनी. वडा, भजी, मटण खाल्लं की हमखास. मागे खांद्याच्या पात्याखाली जाते. तास-दीड तास कुठल्याच कुशीवर पडवत नाही, मग आपोआप ओसरते. दादा मान खाली घालून लिहीत होते. किती दिवस? मार्चपासून. औषध? ॲसिडिटीची गोळी आणि सोडा. दहापैकी किती? परवा आठ होतं.

सर आमच्या मागे येऊन उभे होते ते मला दिसलं नव्हतं. म्हणाले, ‘‘ताई, हे तुम्ही बनवून सांगताय की खरं आहे?’’

‘‘खरं आहे.’’

त्यांनी मला बाजूच्या बाकावर बसवलं. दम लागतो का, घाम सुटतो का, जबडा किंवा डावा हात दुखतो का, हे शांतपणे विचारलं. बायकांच्या बाबतीत हृदयाचं दुखणं पोटाच्या वरच्या भागातही उमटतं, पित्त समजून घरी बसलेल्या बाया त्यांनी स्वतः रुग्णवाहिकेत घातल्या होत्या. मग म्हणाले, ‘‘निदान करणं माझं काम नाही. पण सोमवारी ईसीजी आणि पोटाची सोनोग्राफी, दोन्ही करा. रिपोर्ट येईपर्यंत हा जिना चढायचा नाही.’’ दादांनी तो कागद घडी करून मला दिला. डॉक्टरांना दाखवा म्हणाले.

मी खरंच दाखवला. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी तो वाचला आणि म्हणाले की पेशंटने इतकं नीट लिहून आणलेलं त्यांनी फार कमी वेळा बघितलंय.

ईसीजी चांगला आला. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे, सगळ्यात मोठा १४ मिलिमीटर, बाकी बारीक. सर्जननी समजावलं की बारीक खड्यांचीच भीती जास्त. मोठा खडा जागेवर बसून राहतो, बारीक खडा निसटून पित्तनलिकेत अडकला की कावीळ होऊ शकते, स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. पित्त तयार करतं यकृत, पित्ताशय ते फक्त साठवतं, त्यामुळे पिशवी काढली तरी पित्त थेट आतड्यात उतरत राहतं. ऑपरेशन आजच्या आज करायला हवं असं नाही, पण दिवाळीपर्यंत लांबवू नका म्हणाले.

घरी सासूबाई घाबरल्या. त्यांच्या मोठ्या बहिणीचं हेच ऑपरेशन पूर्वी पोट उघडून झालं होतं, कितीतरी दिवस अंथरुणावर. मी त्यांना सांगितलं की आता चार बारीक भोकं पाडतात आणि दुसऱ्या दिवशी घरी सोडतात. भारतात दुर्बिणीने पित्ताशय काढायची सुरुवात आपल्याच मुंबईत झाली, १९९० साली भायखळ्याच्या जे. जे. रुग्णालयात, डॉ. तेहेमतन उदवाडिया यांच्या हातून. हे ऐकून त्यांना खूप धीर आला. जे. जे. म्हटल्यावर त्यांच्या पिढीला जो विश्वास वाटतो तो कुठल्याही चकचकीत पत्रकाने वाटत नाही.

माझ्यापुढे वेळेचा प्रश्न होता. प्रात्यक्षिक परीक्षा ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी. त्यात सलग २ मिनिटं छाती दाबायची आणि तिघांसोबत भरलेलं स्ट्रेचर उचलायचं. सर्जन म्हणाले, ऑपरेशननंतर ६ आठवडे जड उचलायचं नाही. आणि छाती दाबण्याचं काम हाताने होतं हा गैरसमज आहे. कोपर ताठ ठेवून कमरेपासून अख्खं अंग खाली टाकावं लागतं, सगळा ताण पोटाच्या स्नायूंवर येतो, म्हणजे नेमका टाक्यांवर. परीक्षेनंतर ऑपरेशन करायचं तर तीन महिने कळा सोसायच्या आणि खडा निसटण्याची टांगती तलवार. मी कॅलेंडर घेऊन बसले. ऑगस्टचा पहिला सोमवार धरला तर परीक्षेपर्यंत जवळजवळ १० आठवडे मिळत होते. मध्ये दहीहंडी. त्या दिवशी आमची बॅच एका मंडळाच्या प्रथमोपचाराच्या टेबलावर बसणार होती आणि मला तिथे जायचंच होतं. ते सोडलं. सोडताना डोळ्यांत पाणी आलं.

तक्रार आहे ती इथे. मी संस्थेच्या ऑफिसात रजेचा अर्ज घेऊन गेले. काउंटरवरच्या माणसाने वर न बघता सांगितलं, ८० टक्के हजेरी लागते, नसेल तर पुढच्या बॅचला या, भरलेले पैसे वळते होणार नाहीत. मी विचारलं, आजारपणाचा नियम कुठे लिहिलाय? पावतीमागे नव्हता, फॉर्मवर नव्हता, भिंतीवर नव्हता. प्रवेश देताना कुणी मला साधं विचारलंही नव्हतं की कसलं दुखणं, ऑपरेशन, गरोदरपण, पाठीचा त्रास आहे का. जिथे माणसांना वजन उचलायला लावतात, आणि जिथे पेशंटला काय विचारायचं हेच शिकवतात, तिथे प्रवेशाच्या फॉर्मवर प्रकृतीचा एक रकाना नसावा याचा मला राग आला. तो अजून गेलेला नाही.

सरांच्या कानावर गेल्यावर ते स्वतः वर जाऊन बोलले. ठरलं असं की दोन आठवडे पूर्ण रजा, त्यानंतर येऊन बसायचं, हात लावायचा नाही, आणि सर्जनचं लेखी पत्र मिळाल्यावरच उचलणं आणि दाबणं. बुडालेल्या तासांचा सराव सप्टेंबरच्या शेवटी जास्तीचे तास घेऊन. त्यांनी ते तास खरोखर घेतले, वेगळे पैसे न घेता.

ऑपरेशन ज्या रुग्णालयात झालं तिथल्या भूलतज्ज्ञ मॅडमबद्दल मला लिहायलाच हवं. आदल्या दिवशी त्यांनी तोंड मोठं उघडायला सांगितलं, जीभ बाहेर काढायला सांगितली, मान मागे टाकून बघितली, एखादा दात हलतोय का विचारलं. हे कशासाठी ते मला कळत होतं. श्वासनलिकेत नळी घालायला वाट किती मोकळी आहे ते बघतात. वर्गात आम्ही पुतळ्याचा जबडा पुढे ओढून वाट मोकळी करायला शिकलो होतो. उपाशी का ठेवतात तेही मला आता नुसता नियम म्हणून नाही, कारणासकट माहीत होतं. भूल दिल्यावर पोटातलं वर येऊन फुप्फुसात गेलं तर जिवावर बेततं. शिपाई काकांच्या तोंडात मी पाणी घालत होते ते ट्रॉलीवर पडल्या पडल्या पुन्हा आठवलं.

ऑपरेशनच्या खोलीत तीन वेगवेगळ्या माणसांनी मला नाव विचारलं आणि कसलं ऑपरेशन आहे ते माझ्या तोंडून वदवून घेतलं. जागतिक आरोग्य संघटनेची २००८ पासूनची तपासणीची यादी आहे, तिच्यात हे येतं. मग मॅडम माझ्या डोक्याशी आल्या. म्हणाल्या, ‘‘आता मी तुमच्या बोटाला चिमटा लावतेय, ऑक्सिजन कळतो त्याने.’’ लावला. ‘‘आता तोंडावर मास्क ठेवते, प्लास्टिकचा वास येईल.’’ ठेवला. ‘‘आता सलाइनमधून औषध जाईल, हात गार पडेल आणि थोडं चुरचुरेल.’’ हात गार पडला, चुरचुरलं, आणि मी घाबरले नाही, कारण ते येणार हे मला कुणीतरी आधी सांगितलं होतं.

जाग आली तेव्हा घसा खरखरत होता आणि उजवा खांदा इतका दुखत होता की पोटाचं काही वाटेना. पोट फुगवायला कार्बन डायऑक्साइड भरतात, उरलेला वायू पोट आणि छातीमधल्या पडद्याला चाळवतो, आणि त्या पडद्याची नस मानेतून निघते म्हणून दुखणं खांद्यात उमटतं. चालायला लागल्यावर दोन दिवसांत ओसरलं. ज्यांचं असं ऑपरेशन व्हायचंय त्यांनी हे लक्षात ठेवा, नाहीतर जीव उगाच धास्तावतो. खडे एका छोट्या बाटलीत घालून हातात दिले. हिरवट-पिवळे, आबोलीच्या बियांसारखे, आणि एकच मोठा.

रुग्णालयाबद्दल एक राग आहेच. डॉक्टरांनी सकाळी १० ला घरी जायला सांगितलं, विम्याची मंजुरी यायला रात्रीचे ८ वाजले. तोवर पलंग दुसऱ्याला दिला होता, मी पोटाला उशी दाबून बाहेरच्या लोखंडी खुर्चीत. नवरा या खिडकीवरून त्या खिडकीवर. ऑपरेशन करणाऱ्यांनी इतकं जपलं आणि कागदवाल्यांनी दहा तास बसवून ठेवलं.

उशीचं आलंच आहे तर सांगते. खोकला, शिंक, हसू, कशाच्याही आधी पोटावर उशी घट्ट धरायची, टाके ओढत नाहीत. रुग्णालयासमोरच्या मेडिकलमधून सासूबाईंच्या आग्रहाने पोटाचा पट्टाही घेतला, ६५० रुपये. सर्जननी गरज नाही म्हटलं होतं. ऑगस्टच्या दमट हवेत त्याने नुसतं पुरळ उठलं, चार दिवसांत काढून ठेवला. उशी पुरते.

ऑपरेशननंतर १९व्या दिवशी मी परत वर्गात गेले. जाताना दुपारची धिमी लोकल, बसायला मिळालं. दोन मजले चढताना मधल्या वळणावर थांबले, मंडळाच्या मुलांपैकी एकाने बॅग घेतली. परतताना शनिवारची सातची गर्दी. पर्स पोटावर धरून बायकांच्या डब्यात शिरले आणि आल्या आल्या सांगितलं, ऑपरेशन झालंय, कुणी धक्का देऊ नका. कुर्ल्याला उतरणारी एक बाई घाटकोपरवालीला जागा कबूल करून बसली होती. दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि कुर्ल्याची आत्ताच उठली.

आता मला हात लावता येत नव्हता, म्हणून सरांनी माझ्या हातात घड्याळ दिलं. इतरांचे दाब मी मोजायचे. हे काम मला कमी दर्जाचं वाटलं होतं, पण त्याने मला जे दिसलं ते दाबताना कधीच दिसलं नसतं. पहिलं मिनिट सगळे चांगले. दीड मिनिटाला जिमच्या ट्रेनरचेही दाब उथळ होतात आणि त्याला ते कळत नाही. तो अजून जोर लावतोय असंच त्याला वाटतं. म्हणूनच २ मिनिटांनी माणूस बदलायचा असतो, दमलो म्हणून नाही, तर दमल्याचं कळत नाही म्हणून. मी आमच्या गटात पावणेदोन मिनिटांनाच पुढच्याचं नाव पुकारायला लागले, म्हणजे तो गुडघ्यावर बसून तयार असतो आणि मध्ये खंड पडत नाही.

सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारी, सर्जनना विचारून, मी स्पाइन बोर्डवरची पेशंट झाले. अपघातातला माणूस, मानेला इजा असू शकते, चौघांनी मिळून एका अंगावर वळवायचा, फळी सरकवायची, परत सरळ करायचा. पट्टे छातीवर, कमरेच्या हाडावर आणि मांड्यांवर, पोटावर नाही. मानेला पट्टा बांधल्यावर मान हलत नाही, म्हणजे दिसतं फक्त वरचं. पंखा, त्याच्या पात्यावरची धूळ, आणि चार माणसांच्या हनुवट्या. ती आपसात बोलत होती. ‘तीनवर वळवायचं’, ‘कमरेला धर’, ‘पट्टा कुठाय’. माझ्याशी कुणीच बोललं नाही. मग एकदम कुणीतरी माझा हात उचलून अंगावर ठेवला आणि जग आडवं झालं. मला माहीत होतं हा सराव आहे, माझे सोबती आहेत, तरी माझ्या तोंडून ‘आई गं’ निघालं.

सरळ केल्यावर मी म्हटलं, मला काही सांगायचंय. पट्टे सोडू नका, अशीच सांगते. आणि मी त्यांना भूलतज्ज्ञ मॅडमचं सांगितलं. चिमटा, मास्क, गार पडलेला हात. म्हटलं, तुम्ही सगळं बरोबर केलंत, मान हलली नाही, पण मी पडतेय असं मला वाटलं. खोलीत शांतता झाली. सरांनी सगळ्यांना परत जागेवर उभं केलं. या वेळी डोक्याशी होते ते बँकवाले काका. त्यांनी वाकून आपला चेहरा मला दिसेल असा आणला आणि म्हणाले, ‘‘ताई, आता आम्ही तुम्हाला डाव्या अंगावर वळवतोय. मी तुमचं डोकं धरलंय, सोडणार नाही. तीन म्हटलं की.’’ तीच फळी, तेच हात. मी डोळे मिटून निवांत वळले.

त्या दिवसापासून आमच्या बॅचमध्ये ‘आधी सांगा, मग हात लावा’ ही पायरी प्रत्येक सरावात आली, बेशुद्ध पेशंटच्या सरावातही. सरांनी फळ्यावर लिहून ठेवलं आणि परीक्षेत तिला गुण दिले.

आणखी एक काम त्या महिन्यात झालं. ‘शार्प की डल’ माझ्या डोक्यातून जात नव्हतं. आपल्याकडे दुखण्याला किती शब्द आहेत! कळ येते ती येते आणि जाते. ठणका लागतो तो नाडीबरोबर उडतो. चमक एका क्षणात जाते. आवळून येतं, जळजळतं, टोचतं, कातरतं, मुंग्या येतात, जड पडतं, पिळवटतं. छातीत ‘आवळल्यासारखं’ किंवा ‘दगड ठेवल्यासारखं’ म्हणणारा माणूस आणि ‘चमक मारते’ म्हणणारा माणूस वेगळं काहीतरी सांगत असतो. मी हे सगळं एका कागदावर लिहिलं, रिक्षावाल्या दादांनी त्यांचे हिंदी-भोजपुरी शब्द घातले, घरी पेशंट सांभाळणाऱ्या एका मुलीने म्हाताऱ्या माणसांचे ‘कसंतरी होतंय’, ‘जीव घाबरा होतोय’ हे घातलं आणि सांगितलं की तेवढंच बोलतात, पण तिथे आधी नाडी बघा. सरांनी त्याच्या झेरॉक्स काढून सगळ्यांना दिल्या. माझ्या कागदांत हा एक कागद मला पुस्तकाहून मोलाचा आहे.

कायद्याचा तास थोडक्यात झाला, पण कामाचा. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला पोलीस किंवा रुग्णालय अडकवून ठेवू शकत नाही, मोटार वाहन कायद्यात २०१९ साली आलेलं कलम १३४ अ त्याचसाठी आहे. रिक्षावाल्या दादांनी हे वाक्य वहीत तीनदा अधोरेखित केलं. महाराष्ट्रात १०८ ची रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून आहे, मुंबईत गल्लीबोळांसाठी २०१७ पासून मोटारसायकलवरचीही आली. फोन करताना आधी नेमकी जागा आणि ओळखीची खूण सांगायची, नाव-गाव नंतर, याचाही आम्ही सराव केला.

सर्जनचं पत्र सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मिळालं. पहिल्यांदा पुतळ्यावर हात ठेवले तेव्हा भीतीने मी पोट आत ओढून धरलं होतं आणि दाब साडेतीन-चार सेंटिमीटरच जात होते. सर घाई करत नव्हते. आधी २० सेकंद, पुढच्या रविवारी ४०, मग मिनिट. जास्तीच्या तासांत ते आणि मंडळाची मुलं थांबायची. परीक्षेला त्यांनी मला शेवटी ठेवलं. २ मिनिटं पूर्ण केली, एक ते दहा, एक ते दहा, एक ते दहा. पुतळ्याच्या खांद्यावरचा हिरवा दिवा बहुतेक वेळ लागलेला होता. स्ट्रेचरला मी पायाकडची बाजू घेतली. टाक्यांच्या जागी काही जाणवलं नाही.

पास झाले. पण या प्रमाणपत्रावर आपण कुणाला इंजेक्शन देऊ शकतो, असं कुणी समजू नये. सीपीआरचं, म्हणजे छाती दाबून श्वास देण्याचं, वेगळं कार्ड हवं तर अमेरिकन हार्ट असोसिएशनचं घेतात, ते २ वर्षं चालतं, मग पुन्हा करावं लागतं. आणि ते बरंच आहे, हात विसरतात.

माझं मत: शिकवण्याला पाचपैकी पाच, साहित्याला तीन, ऑफिसला एक. प्रवेश घेण्याआधी आजारपणाच्या रजेचा नियम लेखी मागा, मिळाल्याशिवाय दुसरा हप्ता भरू नका. तुमचं ऑपरेशन ठरलेलं असेल तर पहिल्याच दिवशी शिकवणाऱ्यांना सांगा, ऑफिसला नंतर. पुढची बॅच जानेवारीत आहे असं सर म्हणाले. जाताना गुडघ्याखाली घ्यायला एक जुनी चादर चौघडी करून न्या. फरशी उघडी आहे, आणि छाती दाबण्याच्या दिवशी तीन-तीन तास गुडघ्यांवर जातात.